पाय हलला म्हणून पेढे वाटू नकोस

घोडबंदर रोडवर सापडलेल्या, पाठीला मार लागून मागचे पाय लुळे पडलेल्या मांजरीच्या पिल्लाबद्दल विचारलंस. आधी त्याला मानगूट धरून उचलू नकोस; सपाट फळीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर सरकव आणि तसंच डॉक्टरांकडे ने.

नव्यांची हमखास चूक (माझीही झाली होती): मागच्या पायाचं बोट चिमटलं, पाय आखडला, की ‘संवेदना आहे!’ तसं नसतं. पाय आखडणं मज्जारज्जू (पाठीच्या कण्यातून जाणारा चेतातंतूंचा दोर) परस्पर उरकतो, मेंदूला पत्ताही नसतो. पिल्लू वळून बघतं का, ओरडतं का, ते पाहा.

चालण्याचा ताल धरणारी चेतापेशींची जाळी मज्जारज्जूच्या कमरेकडच्या भागातच असतात. जन्मल्यावर लवकरच मज्जारज्जू तुटलेली मांजरीची पिल्लं ट्रेडमिलवर मागचे पाय टाकत चालतात, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवलं. त्या वयात मेंदूकडून येणारे धागे पुरते जुळलेले नसतात, म्हणून कोवळा मज्जारज्जू जास्त जुळवून घेतो. पण तोल आणि मनासारखं वळणं त्यातून मिळत नाही.

लघवी तुंबतेय का, रोज बघ. घरातली पॅरासिटामॉल अजिबात नको, मांजराला ती विष आहे. व्यायामाचं नंतर बोलू.