वाचकांचे प्रश्न : नळाची बातमी कोण आणणार?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, विजापूर रोडला राहते. चाळीस वर्षं घरी पेपर येतो. हल्ली डोळ्यांमुळे मोबाईलवर अक्षर मोठं करून वाचते. पण दोन-तीन बातम्या झाल्या की मजकूर झाकला जातो, पुढे वाचायला वर्गणी भरा म्हणतात. बातमी देणं हे वर्तमानपत्राचं कर्तव्यच ना? मग त्याला कुलूप कशाला?

उत्तर : बाई, त्या चाळीस वर्षांत तुम्ही पेपरची खरी किंमत कधी मोजलीच नाही. मोजायची वेळच आली नाही. 1986 साली मी पहाटे चारला सोलापूर स्टेशनाबाहेर गठ्ठे सोडून पुरवण्या भरायचो आणि मग सायकलवर नवी पेठ, चाटी गल्लीची लाईन टाकायचो. अंकावर छापलेल्या किमतीतून एजंटाचं आणि विक्रेत्याचं कमिशन गेलं, की उरलेल्यात कागद-शाईचाही खर्च निघायचा नाही. बाकीचं सगळं जाहिराती ओढायच्या. दिवाळीला कापडवाले आणि सराफ, वर्षभर ‘स्थळ पाहिजे’, ‘जागा विकणे आहे’, प्रथम पुण्यस्मरण. पहिल्यांदा गेल्या त्या या छोट्या जाहिराती. लग्नं वेबसाईटवर जुळायला लागली, जागा ॲपवर विकल्या जायला लागल्या. मोबाईलवर जाहिरातीचा जो पैसा येतो, त्यातला मोठा घास गूगल आणि फेसबुक घेतात.

न्यूयॉर्क टाइम्ससारख्या पत्रावरही हीच वेळ आली. मार्च 2011 मध्ये त्यांनी महिन्याला वीस लेख फुकट ठेवले आणि पुढच्याला पैसे लावले. वर्षभरात वीसचे दहा केले. कोण भरणार, असं तेव्हा पुष्कळजण म्हणत होते. आज त्यांचे वर्गणीदार एक कोटीच्या वर आहेत. आपल्याकडे ‘द हिंदू’सारख्यांनीही तोच रस्ता धरला.

पुढे मी बातमीदार झालो तेव्हाची एक गोष्ट अजून विसरलेलो नाही. नाल्यावर भराव टाकून चाललेल्या एका बांधकामाची बातमी मी लिहिली. ती दोन दिवस पडून राहिली आणि तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींत आली. त्या बांधकामवाल्याची दर रविवारी अर्धं पान जाहिरात असायची. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे : पेपरचा पगार वाचकाकडून निघावा. म्हणून वर्गणीची मला चीड येत नाही, बाई.

काळजी मात्र वाटते, ती वेगळ्याच गोष्टीची. घरटी एखादीच वर्गणी परवडते, आणि ती बहुतेक वेळा मोठ्या शहरातल्या, मोठ्या नावाच्या पत्राकडे जाते. आपल्या सोलापुरात नळ रोज येत नाही. उजनी धरणाचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून आणायचं, वाटेत जलवाहिनी फुटली की पुन्हा एक दिवस पुढे. कुठे फुटली, दुरुस्तीला वेळ का लागला, निविदा कुणाला मिळाली, हे कळायला महापालिकेच्या सभेत कुणीतरी दुपारभर बसावं लागतं आणि आकडे मागावे लागतात. ते काम न्यूयॉर्क करणार नाही, मुंबईही करणार नाही. तेव्हा भरायचीच असेल तर आधी त्या पत्राची भरा, ज्याचा माणूस त्या सभेत असतो. त्याचं नाव तुम्हाला माहीत असेलच, बातमीवर छापलेलं असतं.

प्रश्न : काका, मी पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. रोज सकाळी ग्रुपवर पाच-सहा पेपरच्या पीडीएफ येतात, मी त्या पुढे पाठवतो. एकजण म्हणाला, हा गुन्हा आहे. खरं का?

उत्तर : लॉकडाऊनमध्ये घरोघरचा पेपर बंद पडला तेव्हा ही सवय फोफावली. मे 2020 मध्ये ‘दैनिक जागरण’च्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला ई-पेपरच्या पीडीएफ वाटणारे चॅनेल बंद करायला सांगितलं होतं. पैसे भरून घ्यायचा अंक असा वाटणं स्वामित्वहक्काच्या (कॉपीराइटच्या) आड येतं. तेव्हा, पोरा, पुढे पाठवणं सोड.

पण रोजंदारीवरच्या माणसाने चार पत्रांच्या वर्गण्या कुठून भराव्यात? टपरीवर एका अंकावर वीसजण वाचायचे, हे मी माझ्या लाईनवर रोज पाहिलंय. मोबाईलच्या कुलपात ती टपरी बसत नाही, आणि वर्गणीच्या रस्त्यातला हा सगळ्यात मोठा दोष आहे. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ने वेबसाईटवरच्या बातम्या सगळ्यांना खुल्या ठेवल्या आणि ज्याला जमेल त्याने हातभार लावा म्हणून वाचकांकडे मागितलं. मला तीच पद्धत पटते. एखाद्या मराठी पत्राने ती मनापासून करून बघावी, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. तोवर सुट्टीच्या दिवशी हिराचंद नेमचंद वाचनालयात जा. नाहीतर कारखान्यातल्या दहाजणांनी मिळून छापील अंक लावा. पेपरवाल्या पोराचंही पोट त्यावर आहे.

प्रश्न : पहिला महिना एक रुपया म्हणून वर्गणी घेतली. आता खात्यातून दर महिन्याला पैसे कापले जातात. बंद कसे करू? (जुळे सोलापूर)

उत्तर : एक रुपया देताना तुमच्याकडून ऑटो-पेची, म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप कापायची, परवानगी घेतली गेली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. जुने मेसेज एकदा नीट चाळा. यूपीआयने भरले असतील तर त्याच ॲपमध्ये ऑटो-पे किंवा मँडेट असं लिहिलेलं सापडेल, तिथून ते रद्द करा. कार्डाने भरले असतील तर बँकेच्या ॲपमध्ये बघा, नाही सापडलं तर सरळ शाखेत जा. आणि त्या पत्रालाही ईमेल करून का सोडताय ते दोन ओळींत लिहा. माझ्या वेळी लाईनवरचं घर पेपर बंद करायचं तेव्हा मी दारात उभा राहून कारण विचारायचो, आणि पुष्कळदा पुढच्या महिन्यात ते घर परत यायचं.