टेनिसची पॉवरफुल रॅकेट घ्यायची आहे, माझ्या खेळाला कोणती बसेल?

तुमच्या प्रश्नाची आधी थोडक्यात उजळणी करते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय बेचाळीस, आधी बरीच वर्षं सोसायटीत बॅडमिंटन, गेलं वर्षभर आठवड्यातून तीन सकाळी टेनिस. फोरहँड लागतो, पण बॉल बेसलाइनपर्यंत पोचतच नाही, सर्व्हिस बॉक्समध्ये बसतो आणि समोरचा आरामात पुढे येऊन ठोकतो. कोचची ९७ हेडची (हेड म्हणजे तारांचा भाग, आकडा चौरस इंचांत), ३१५ ग्रॅमची रॅकेट मागून खेळलात तर सुरुवातीला झकास वाटलं, अर्ध्या तासात खांदा भरून आला. मग धोबीतलावला दुकानात ‘सगळ्यात पॉवरफुल दाखवा’ म्हणालात, तर त्याने ११० हेडची, हातात घेतल्याचंही कळणार नाही इतकी हलकी फ्रेम पुढे केली. या दोनपैकी कोणती घेऊ, असं तुमचं म्हणणं.

दोन्ही नको. १०० ते १०४ हेड, गट (म्हणजे तारा) न घालता २८० ते २९० ग्रॅम वजन, लांबी नेहमीचीच २७ इंच, आणि बजेटमधले थोडे पैसे चांगल्या गटिंगसाठी राखून ठेवा. आता कारणं. मी दादरला खेळते आणि आमच्या घरी गटिंगचं मशीन आहे, त्यामुळे ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या रॅकेट माझ्या हाताखालून जातात. दुकानदार नाही, त्यामुळे अमुकच कंपनीची घ्या असा आग्रहही नाही.

पहिली गोष्ट, जे खेळाडू टीव्हीवर जबरदस्त जोरात मारताना दिसतात त्यांच्यातल्या अनेकांच्या रॅकेट स्वतःहून फारशी पॉवर देत नाहीत. फेडररच्या नावाने निघालेली विल्सनची आरएफ ९७ घ्या. गट न घालता ३४० ग्रॅम. त्याआधी तर तो ९० हेडने खेळायचा, ९७ वर आला २०१४ मध्ये. सॅम्प्रस ८५ ने खेळला. जोर त्यांच्या स्विंगमध्येच इतका असतो की रॅकेटचं काम बॉल कोर्टात ठेवण्याचं. तुमचा प्रश्न नेमका उलटा आहे: बॉल कोर्टात राहतोय, पण लांब जात नाहीये.

आणि तुमच्यासारख्यांसाठीच पॉवर देणारी रॅकेट मुळात जन्माला आली. हॉवर्ड हेड हा माणूस स्कीच्या धंद्यातून मोकळा झाल्यावर टेनिस शिकायला लागला आणि त्याला काही केल्या जमेना. बॉल मधोमध लागेना, रॅकेट हातात फिरायची. तेव्हाच्या लाकडी रॅकेटचं हेड होतं ६५-७० चौरस इंच. याने प्रिन्स कंपनीत शिरून हेड थेट ११० पर्यंत वाढवलं आणि १९७६ मध्ये ती रॅकेट बाजारात आली. लोक हसले म्हणतात. १९७८ मध्ये पॅम श्रायव्हर नावाची सोळा वर्षांची मुलगी तीच घेऊन यूएस ओपनच्या फायनलला पोचली.

आता ही पॉवर येते कुठून ते बघू, कारण दुकानात तीन-चार आकडे तोंडावर फेकले जातात आणि आपण मान डोलावतो. बॉल तारांवर टिकतो जेमतेम चार-पाच मिलिसेकंद. तेवढ्यात फ्रेम थोडी मागे वाकते, पण ती परत सरळ होईपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. म्हणजे वाकण्यात गेलेली ताकद गेलीच. जाड बीमची (बीम म्हणजे बाजूने दिसणारी फ्रेमची जाडी), कडक फ्रेम कमी वाकते, म्हणून जास्त देते. या कडकपणाचा आकडा ‘आरए’ म्हणून देतात: साठच्या खाली मऊ, सत्तरच्या आसपास कडक. मोठ्या हेडचा फायदा वेगळा. बॉल मध्यापासून इंचभर सरकून लागला तरी फ्रेम हातात कमी फिरते आणि शॉट मरत नाही. वजनाचं म्हणाल तर जड रॅकेट तेवढ्याच वेगाने फिरवता आली तर ती जास्तच पॉवर देईल. तुम्हाला ती अर्धा तासच फिरवता आली, विषय संपला.

तुमची लेव्हल कोणती हे खोक्यावरच्या ‘इंटरमिजिएट’ शब्दावरून ठरवू नका. दोन गोष्टी बघा. स्विंग किती लांब आहे? बॅडमिंटनमधून आलेल्यांचं हे हमखास दिसतं: रॅकेट मागे जातच नाही, शेवटच्या क्षणी मनगटाची झटका-पट्टी. बॅडमिंटनची रॅकेट नव्वद ग्रॅमच्या आतली, शटल पाच ग्रॅमचं, तिथे ते चालतं. टेनिसचा बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो, तो मनगटाला जुमानत नाही. दुसरी गोष्ट, बॉल तारांवर लागतो कुठे? आत्ताच्या रॅकेटच्या तारा उजेडात तिरक्या धरून बघा. बॉलची पिवळट लव तारांच्या फुलीत अडकून राहते आणि वापरलेल्या भागातल्या उभ्या तारांवर बारीक खाचा पडलेल्या असतात. गट कापायला रॅकेट येते तेव्हा मी आधी तेच बघते. मधोमध हाताच्या तळव्याएवढा डाग असेल तर माणसाचा शॉट जमलाय, त्याला १०० हेड किंवा खालीही चालेल. डाग टोकाकडे किंवा एका बाजूच्या फ्रेमला चिकटून असेल तर शंभरच्या वर जा. टोकाला लागत असेल तर बहुधा तुम्ही बॉलला उशिरा पोचताय, आणि ते रॅकेटने नाही, पायांनी सुधारतं.

मग ११० का नको? कारण तुम्ही कोचकडे जाताय. सहा महिन्यांत तो तुमचा स्विंग लांब करणार, आणि त्या दिवसापासून हीच फ्रेम बॉल मागच्या जाळीवर नेऊन आदळेल. मग माणूस घाबरून परत हात आखडतो, म्हणजे केलेलं कोचिंग पाण्यात. शिवाय अगदी हलक्या फ्रेमला समोरून जोरात आलेला बॉल मागे ढकलतो. डबल्समध्ये नेटवर उभं राहिलात की लगेच कळेल. धक्का सगळा कोपरात. साठीपुढचे, डबल्सच खेळणारे, खांदा वर न जाणारे लोक ११० घेऊन मजेत खेळतात आणि आम्हा तरुणांना (स्वतःला तरुण म्हणायची हौस) रडवतातही. त्यांच्यासाठी ती बरोबरच आहे. तुमचा खांदा शाबूत आहे.

नावं विचारलीत म्हणून: बाबोलाची प्युअर ड्राइव्ह ही या जातीची सगळ्यात ओळखीची फ्रेम, १९९४ पासून चालू आहे. मूळ आवृत्ती १०० हेड, ३०० ग्रॅम. तुम्ही तिची टीम आवृत्ती बघा, २८५ ग्रॅमची. योनेक्समध्ये ईझोन १०० एल, तीही २८५. हेड कंपनीची बूम मालिका याच बाजूची. प्युअर ड्राइव्ह कडक आहे, कोपर कुरकुरत असेल तर विल्सनच्या क्लॅशकडे वळा. ती चांगलीच मऊ आहे, पॉवर थोडी कमी पण हात खूश. विल्सनची ब्लेड, बाबोलाची प्युअर स्ट्राइक, योनेक्सची पर्सेप्ट या कंट्रोलवाल्या, सध्या त्या वाटेला जाऊ नका. मार्करच्या (क्लबात मेंबरांशी खेळायला ठेवलेला खेळाडू) हातात दिसली म्हणून तर मुळीच नको. तो दिवसभर बॉल मारतो. आणि चॅम्पियनची रॅकेट म्हणून काही घेत असाल तर लक्षात ठेवा, बऱ्याच व्यावसायिक खेळाडूंच्या फ्रेममध्ये शिशाच्या पट्ट्या लावून वजन वाढवलेलं असतं, आणि कित्येकदा आत जुनं मॉडेल, वर नवा रंग. २०१७ मध्ये चर्चगेटला सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) कोर्टवर मुंबई ओपन जिंकली तेव्हा पुढे जगात पहिली आलेली साबालेन्का एकोणीस वर्षांची होती; तिच्या शॉटमागे जे होतं ते दुकानात टांगलेलं मिळत नाही.

आता गटिंग, ज्याकडे लोक शेवटी बघतात आणि ज्यात मला विचाराल तर निम्मा खेळ आहे. नियमाप्रमाणे टेनिसचा बॉल २५४ सेंटिमीटरवरून टाकला की १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. म्हणजे चेपताना तो जवळपास निम्मी ताकद गिळून बसतो. तारा मात्र ताणल्यावर मिळालेलं बहुतेक परत देतात. म्हणून गट सैल असेल तर तारा जास्त दबतात, बॉल कमी चेपतो आणि लांब जातो. गट कडक केला की जोर वाढतो असा समज क्लबाक्लबात आहे, आणि तो उलटा आहे. ‘साठ पाउंडवर कर, मारायचंय’ असं सांगणारे भेटतात (पाउंड म्हणजे तारांचा ताण). मारायचं असेल तर पाउंड उतरवा.

तारेची जातही बघा. पॉलिएस्टर सध्या फॅशनमध्ये आहे कारण टीव्हीवरचे बहुतेक जण तीच वापरतात. ती कडक, टिकाऊ, स्पिन देणारी, पण वेगवान स्विंग असेल तरच ती जिवंत होते. शिवाय तिचा ताण लवकर उतरतो. जोरात मारणारा ती तोडतो आणि बदलतो. आपल्यासारख्यांची तुटतच नाही, मग वर्षभर तीच मेलेली तार आणि कोपराला शेक. वर्षभर न तुटलेली पॉली कापते तेव्हा ती टाचणीसारखी सरळ उडून पडते, तिच्यात काही उरलेलं नसतं. तुम्ही मल्टिफिलामेंट घाला. बारीक धाग्यांची वळलेली असते, जुनी झाली की केसाळ दिसायला लागते, म्हणजे बदलायची वेळही ती स्वतःच सांगते. बजेट नसेल तर साधा सिंथेटिक गट (नायलॉनची तार) उत्तम. नॅचरल गट (जनावराच्या आतड्याची तार) मऊपणात सगळ्यांच्या वर, पण ओलावा त्याचा शत्रू, आणि मुंबईत जूनपासून कपाटातले चपलांचे पट्टेही बुरशी धरतात; ते पैसे वाचवा. फ्रेमवर ताणाची रेंज छापलेली असते, तिच्या मधल्या आकड्यापेक्षा दोन पाउंड खाली सुरुवात करा. आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून तितक्या वेळा गट बदला, असा ढोबळ हिशोब चालतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवू नका, ताण उतरतो.

ग्रिपचं फार डोकं लावू नका. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं की माप बरोबर. दोन मापांच्या मध्ये असाल तर लहान घ्या, वर ओव्हरग्रिप (दांड्यावर गुंडाळायची पट्टी) चढवून जाड करता येते; जाडी कमी करणं कटकटीचं. आपल्या घामाला चिकट ओव्हरग्रिप दहा मिनिटांत दगा देते. निळी, कोरड्या स्पर्शाची टूर्ना कंपनीची ओव्हरग्रिप मिळते, ती ओली झाल्यावर उलट जास्त पकडते.

रॅकेट घेण्याआधी एक स्वस्त प्रयोग मात्र जरूर करा: नवा बॉलचा डबा फोडा. सकाळच्या ग्रुपमध्ये महिना-महिना तेच बॉल चालतात. डबा उघडल्यापासून आतला दाब उतरत जातो, पावसाळी ओल्या कोर्टवर तर लव पाणी पिऊन बॉल जड होतो. अशा बॉलने कोणाचाही शॉट सर्व्हिस बॉक्समध्येच पडेल. नव्या बॉलने, कोरड्या कोर्टवर, पूर्ण तासभर खेळून बघा. डेमो रॅकेट मिळाली तर तीही तशीच. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्याच नव्या रॅकेट आवडतात.

खरेदीला गेलात की मागच्या आवृत्तीचा स्टॉक विचारा. कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी रंग आणि थोडं इकडंतिकडं बदलून नवी आवृत्ती काढतात आणि जुनी बरीच स्वस्त होते. तुमच्या-माझ्या हाताला फरक कळणार नाही. गळ्यापाशी प्लॅस्टिकचा जोड दिसला तर ती अॅल्युमिनियमची, परत ठेवा. आणि एकाच मॉडेलच्या दोन फ्रेममध्ये पाच-सात ग्रॅमचा फरक सहज निघतो, म्हणून शक्य असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पिशवीत टाकून न्या. दुकानदार विचित्र बघेल, बघू दे. गट घातलेली मोजत असाल तर पंधरा ते अठरा ग्रॅम वजा करा. काट्यावर ३०० ते ३०५ दिसलं की ती फ्रेम तुमची.

कोपर आधीच दुखत असेल तर कडक फ्रेम आणि पॉली ही जोडी कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. क्लॅश, मल्टिफिलामेंट, ५० पाउंड, आणि पहिले पंधरा दिवस सर्व्हिस कमी.