पुट्टी मारूनही बोर्डाचे सांधे दिसतात

प्रश्न : पुण्यात वाकडच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलला जिप्सम बोर्डाचं पार्टिशन केलं. १२ फूट लांब, ९ फूट उंच. पुट्टीचे दोन हात झाले, रंगही झाला. पण संध्याकाळी बाल्कनीतून तिरकं ऊन आलं की भिंतीवर दोन उभ्या आणि सहा फुटांवर एक आडवी रेघ ठळक दिसते. आडवी जास्तच. पेंटर म्हणतो, आणखी एक हात पुट्टी मारू. दिवाळीआधी काम उरकायचं आहे. मारून घ्यावी का?

उत्तर : नको. फुगवटा असेल तर पुट्टीचा नवा थरही त्याच फुगवट्यावर बसेल आणि रेघ तशीच राहील. आधी दोष कोणता ते पाहा. रात्री दिवे घालवून टॉर्च भिंतीला टेकवून धरा आणि सांध्याला काटकोनात सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावा. पट्टी मधे टेकून दोन्ही टोकांना डुलली, तर सांधा फुगलेला आहे. मधे फट दिसली, तर सांध्यात भरलेलं कंपाउंड (जिप्समचा लगदा) सुकताना आत बसलं आहे. पट्टी सगळीकडे नीट टेकते आणि तरी रेघ दिसते, तर शोषण्यातला फरक : बोर्डाचा कागद आणि भरलेला सांधा रंग सारखा पीत नाहीत. केसासारखी चीर असेल तर प्रश्न आतल्या फ्रेमचा किंवा सांध्यावर चिकटवायच्या कागदी टेपचा.

तुमची आडवी रेघ जास्त दिसते, त्याला कारण आहे. आपल्याकडचा बोर्ड बहुधा ६ × ४ फुटांचा. त्याच्या लांब कडा कारखान्यातच थोड्या उतरत्या केलेल्या असतात, म्हणून टेप आणि कंपाउंड त्या खळग्यात मावतात. आखूड कडेला तो उतार नसतो. बोर्ड उभे लावले की सहा फुटांवर दोन सपाट कडा भिडतात आणि टेपची सगळी जाडी पृष्ठभागाच्या वर येते. चार इंचांत संपवलेला हा उंचवटा ऊन लगेच पकडतं. तोच दोन फूट रुंदीत उतरवला तर डोळ्याला कळत नाही. दुरुस्तीचं मर्म या रुंदीत आहे.

सुरुवात अंगठ्याने करा. सांध्यालगत दाबून पाहा, बोर्ड हलतो का. हलत असेल तर वरून काहीही लावा, चीर परत येईल. आडव्या सांध्यामागे चॅनेलचा (फ्रेमच्या धातूच्या पट्टीचा) तुकडा हवा, आणि कडेने साधारण ९-९ इंचांवर २५ मिमीचे ड्रायवॉल स्क्रू. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित खाली जावं, पण कागद फाटू नये. फाटला तर तो स्क्रू धरत नाही, शेजारी दुसरा मारा.

चीर असेल किंवा टेपच लावलेली नसेल, तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना चार-पाच इंच रंग आणि पुट्टी खरवडून कागदापर्यंत या. फटीत जिप्समचं जॉइंटिंग कंपाउंड भरा. व्हाइट सिमेंटची पुट्टी इथे नको, ती ताठ असते आणि सांधा जरा हलला की तडकते. ओल्या कंपाउंडवर कागदी टेप मधोमध बसवून चार इंची पत्र्याने (पुट्टी ओढायच्या पात्याने) दाबत वरून खाली या, म्हणजे जादा माल बाहेर येईल. टेपखाली हवा राहिली तर तिथेच फोड येतो. तुमच्या भिंतीला दोन उभे आणि एक आडवा धरून ३० फूट टेप पुरेल.

पुढचे दोन हात रुंदी वाढवत द्या : उभ्या सांध्याला आधी आठ-दहा इंच, मग चौदा. आडव्याला शेवटचा हात दोन फुटांपर्यंत. नुसता फुगवटा असेल आणि टेप घट्ट असेल, तर टेप उपसू नका. रंग घासून खरखरीत करा आणि याच रीतीने बाजूंना उतार द्या.

दोन हातांमध्ये एक दिवस तरी हवा, पुण्याच्या पावसाळी हवेत दोनही लागतात. घड्याळापेक्षा रंग पाहा : गडद डाग उरला असेल तर आत ओल आहे. ओल्यावर चढवलेला थर नंतर आकसतो आणि रंगकाम झाल्यावर खळगा दिसतो. दिवाळीची घाई इथेच महागात पडते. घासायला आधी १५० आणि मग २२० नंबरचा पेपर, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. बोर्डाचा कागद उसवू देऊ नका. मग पुन्हा टॉर्च. प्रायमर पूर्ण भिंतीला, रंगही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ठिगळ लावलंत तर तेच दिसेल. चकाकणाऱ्यापेक्षा मॅट रंग घ्या.

प्रश्न : याच पार्टिशनची कड आरसीसी कॉलमला मिळते तिथे पुट्टी भरली की महिन्याभरात चीर पडते.

उत्तर : कॉलम आणि बोर्ड सारखे हलत नाहीत, तिथे ताठ माल टिकणार नाही. कटरने पुट्टी काढून ३ मिमीची सरळ खाच ठेवा, धूळ झाडा आणि रंग धरणारा अ‍ॅक्रिलिक सीलंट भरा. सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही.