जुन्या क्रिकेट सह्या: सुरुवात कुठून करावी

सह्या जमवायला लागलं की भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडूंची सही आधी हवीशी वाटते हे समजतं, पण थोडं थांबा. आधी एकच काळ निवडा. माझ्या मते १९७१चा अजित वाडेकरांचा भारतीय संघ उत्तम. वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोन्हीकडे मालिका जिंकलेला, शिवाय ताडून पाहायला सह्यांचे नमुने त्यामानाने सहज मिळतात.

विकत घेण्याआधी पाहायला शिका. भिंग हवंच. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात किंवा शाई सगळीकडे सपाट असते. हाताच्या सहीत दाब कमी-जास्त होतो. शाईचा काळही बघा. १९३२च्या लॉर्ड्स कसोटीवेळची म्हणून कुणी बॉलपेनची सही दाखवली, तर सरळ नको म्हणा. बॉलपेन बाजारात रुळलं ते १९४५नंतर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- बॅटवर छापलेली सही खरी समजणं.
- सही खरी असल्याच्या नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबणं.
- संपूर्ण संघाच्या सह्या एकाच वळणाच्या असूनही शंका न येणं. एकाच माणसाने सगळ्यांच्या केलेल्या असू शकतात!
- लॅमिनेशन, चिकटपट्टी, ऊन. हे तर कृपा करून कधीच नको, कागद कायमचा जातो.

सह्यांच्या वहीतलं पान वहीतच राहू द्या, सही कापून वेगळी करू नका. लिलाव आणि किमतींचं नंतर बोलू.