एसी कधी लावायचा, कधी नाही

पेट्रोल वाचावं म्हणून एप्रिलच्या उन्हात एसी बंद, काचा उघड्या ठेवून बेळगावहून निपाणीला जातोस, हे मला पटत नाही. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या जोरावर फिरतो, म्हणून पेट्रोल जास्त लागतं हे खरं. पण हायवेवर 80-90 च्या वेगात चारी काचा उघड्या असल्या की वारा आत शिरून गाडीला अडवतो, तिथेही पेट्रोल जातंच. तिथे काचा लावून खुशाल एसी चालव.

खरी नासाडी गावात होते. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर गाडी उभी, एसी चालू, म्हणजे पेट्रोल जळतंय आणि अंतर शून्य. गेट पडलं की इंजिनच बंद कर.

उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबसल्या एसी लावू नकोस. काचा उघडून दोन मिनिटं चालव, कोंडलेली गरम हवा जाऊ दे. मग एसी लाव, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण दाब. कॉम्प्रेसरला कमी राबावं लागतं.

गोव्याहून येताना चोर्ल्याच्या चढाला छोटं इंजिन दमलं, तर तेवढ्यापुरता एसी बंद ठेव. मात्र खानापूरच्या पावसात काचेवर वाफ धरली की एसी लावायचाच, बाहेरची हवा आत घेऊन. तिथे पेट्रोलचा हिशोब करू नकोस बाबा, रस्ता दिसला पाहिजे.