नवं सील पुन्हा का गळतं?

प्रश्न : माझ्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल सरळ हाउसिंगचा आहे, म्हणजे दोन्ही चाकांमध्ये एकच अखंड धातूचं कवच आहे. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने ऑइल उतरायचं म्हणून सील, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी, बदललं. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच सुरू झालं. सील डुप्लिकेट असेल का?

उत्तर : असेलही, पण सीलवर आळ शेवटी घ्यावा. आधी बोटाला ऑइल लावून वास घ्या. गियर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो, हात धुतले तरी रेंगाळतो. तसा वास नसेल आणि द्रव पाण्यासारखा पातळ असेल, तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. मग खात्री होईपर्यंत गाडी हलवू नका.

गियर ऑइलच निघालं तर हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची वाट, काढा. छोटीशी टोपी किंवा नळी असते आणि हमखास चिखलाने बुजलेली असते. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते. ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या ओठातून, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या कडेतून, ऑइल ढकलत वाट काढते. तापलेलं हाउसिंग पाण्यात उतरलं की उलटं होतं, आत पाणी खेचलं जातं. ऑइल दुधट दिसलं तर हेच घडलंय. अशा अ‍ॅक्सलमध्ये रोज नवं सील घाला, काय उपयोग? ऑइलची पातळीही बघा. भरायच्या भोकाच्या वर ऑइल नको.

मग शाफ्ट बाहेर काढा. सीलचा ओठ जिथे फिरतो त्या पट्ट्यावरून नख आडवं न्या. अडकलं, तर तिथे खाच पडली आहे. पॉलिश पेपरने घासून ती जात नाही. त्यावर पातळ स्लीव्ह (धातूची नळकांडी) चढवा, नाहीतर शाफ्ट बदला. बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) असेल तर शाफ्ट डगमगतो आणि ओठ एका बाजूने झिजतो, तेव्हा तेही तपासा.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. ओठाला ग्रीस लावा. सील ठोकताना तिरकं जाऊ देऊ नका. शाफ्ट आत सरकवताना तो हाताने उचलून धरा. बहुतेक नवी सीलं इथेच मरतात, स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या दात्यांच्या, धारेने ओठ कापला जातो आणि दोष दुकानदारावर जातो! काही अ‍ॅक्सलमध्ये सील आत, डिफरन्शिअलच्या (मधल्या गियरच्या पेटीच्या) तोंडाशी असतं. त्यासाठी कॅरियर, म्हणजे आतले गियर धरणारा भाग, काढावा लागतो. तेव्हा बेअरिंग कॅपवर खुणा करा आणि डाव्या-उजव्या शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) अजिबात मिसळू नका. ते काम सराव असलेल्याकडेच द्या.

आणखी एक. आतलं सील गळत असेल तर हाउसिंगच्या ट्यूबमध्ये, म्हणजे शाफ्टभोवतीच्या पोकळ नळीत, ऑइल साठतं. ती काठीला फडकं बांधून पुसली नाही, तर नवं सील धड असूनही थेंब पडतच राहतात. तुमचं तसंच झालेलं असू शकतं. ब्रेक पॅड ऑइलने भिजले असतील तर धुऊन वापरू नका. दोन्ही चाकांचे एकदमच बदला.