राहायला जा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप परवा रात्री वाचला, काल सकाळी चष्मा पुसून पुन्हा वाचला. शनिवार-रविवारचा कार्यक्रम तू तासातासांनी मांडून पाठवलायस. पहाटे पाचला पुणं सोडायचं, निपाणीत बाबांच्या वखारीतल्या मित्राकडे चहा, दुपारी बेळगावच्या शहापुरात जेवण, संध्याकाळी नंदगडला काकांकडे ‘तासभर’, रात्री बेळगावात हॉटेल, रविवारी सकाळी राजहंसगड, वाटेत कुंद्याची खरेदी आणि परत. शेवटी विचारलंयस, “सर, हॉटेल घेतलं तर वाईट नाही ना दिसणार? त्या लोकांना उगाच त्रास नको. छोटी रात्री दोनदा उठते. हिला कन्नड येत नाही. खरं तर जावं की नको, असंच झालंय.”

जावं की नको, हे तू लिहिलंच नाहीस असं मी धरतो. बाकीच्याचं उत्तर देतो.

हॉटेल रद्द कर. राहायला जा.

बाबांच्या बाराव्याला त्यांचे कामावरचे जोडीदार, नंदगडचे काका, आले होते. मांडवाच्या खांबापाशी तुझा हात धरून काय म्हणाले, आठवतं का? मी शेजारीच उभा होतो. “पोरीला घेऊन राहायला ये गा.” नुसतं “ये” म्हणाले नाहीत, “राहायला ये” म्हणाले. त्यांची मराठी कामावर शिकलेली, शब्द मोजके, पण म्हणून ते शब्द चुकीचे वापरत नाहीत. वर्ष उलटलं त्याला. आता तू जाणार, दारात चपला काढणार, छोटीला नमस्कार करायला लावणार आणि गाडीची किल्ली हातातच ठेवून बसणार. ती किल्ली काकूंना दिसते रे. पाहुण्याच्या हातातली किल्ली घरातल्या बाईला सगळ्यात आधी दिसते.

तासाभरात काय होतं ते सांगतो, म्हणजे तुझ्या वेळापत्रकातला तो रकाना तुला नीट दिसेल. पाणी आलं, कोण कुठं बसायचं हे ठरलं, शेजारचं कुणी डोकावून गेलं, यात पंधरा मिनिटं. मग चहा, शिरा, “एवढा नको”, “घे की”, यात वीस. मग तुझी नोकरी, पुण्यातला फ्लॅट, छोटीची शाळा. मग ओटी, कुंकू, पुन्हा चपला. बाबांचं नाव निघेल, नाही असं नाही. “फार चांगला माणूस गेला,” एवढं होईल आणि सगळे गप्प बसतील. तू गाडीत बसून बायकोला म्हणशील, बरं झालं भेट झाली. भेट झालेलीच नसेल.

तुझे बाबा आणि काका खानापुरात कौलांच्या कारखान्यात एका भट्टीवर अठरा वर्षं होते. भट्टी लागली की रात्रपाळीत झोपायचं नाही. आच कमी पडली तर कौल कच्चं राहतं, जास्त झाली तर वाकतं. म्हणून एकानं डोळा लावायचा नि दुसऱ्यानं जाळावर नजर ठेवायची. अशा पाळीत वर्षं काढलेली माणसं दुपारी चार वाजता सोफ्यावर बसून मनातलं बोलत नाहीत. काका बोलतील ते रात्री साडेनऊनंतर. जेवणं झाली, टीव्ही बंद झाला, काकू आत गेल्या, की ते बाहेर कट्ट्यावर येऊन बसतील. बराच वेळ काहीच बोलणार नाहीत. तेव्हा मोबाईल काढायचा नाही आणि विषयही काढायचा नाही. नुसतं बसून राहायचं. तुझ्या बाबांनी कुणाचं कर्ज कसं फेडलं, कुणाशी भांडण केलं, तू जन्मलास त्या रात्री भट्टी कुणाच्या हवाली करून ते दवाखान्यात पळाले, हे तुला आईकडून कळणार नाही. तिलाही माहीत नाही. ते त्या कट्ट्यावर आहे, आणि त्याला रात्र लागते.

आता माझं सांगतो. सांगायला नको वाटतं, पण तू ‘त्रास’ हा शब्द लिहिलास म्हणून सांगतो, कारण मीही तेव्हा तोच वापरला होता.

१९६८ ते १९७१ मी बेळगावात शिकायला होतो. टिळकवाडीत एका खोलीत आम्ही दोघं. तो गोकाककडचा, घरी कन्नड. मी खानापूरचा. खोलीत एक स्टोव्ह, एक बादली, दोन चटया. तो खानावळीत मराठी शिकला, मी त्याच्या घरून आलेल्या माणसांकडून “बर्री, कूड्री” (या, बसा) शिकलो. पुढं तो गोकाक फॉल्सला गिरणीत लागला, मी शाळेत. पत्रं चालू राहिली. १ नोव्हेंबरला तो कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा दारात लावायचा, मी त्याच दिवशी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून दंडाला काळी फीत बांधून फेरीत जायचो. आजही जातो, त्यात मला काही लपवायचं नाही. पण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचं पत्र दरवर्षी यायचं, आणि त्यात त्या दिवसाबद्दल एक अक्षर नसायचं. पोरांची चौकशी, पावसाची चौकशी आणि शेवटी एकच ओळ : राहायला कधी येतोस?

१९९४ च्या ऑगस्टमध्ये गेलो. बायको आणि दोन्ही मुलं बरोबर. घटप्रभेला पूर होता. बावन्न मीटरवरून ते तांबूस पाणी खाली कोसळताना पोरांनी पहिल्यांदा पाहिलं, थोरला तर कठडा सोडायला तयार होईना. गिरणीचं क्वार्टर दोन खोल्यांचं. आपण चौघं, त्यांची पाच माणसं, म्हणून मी आधीच गावात लॉजवर खोली घेऊन ठेवली होती. त्याला त्रास नको म्हणून. त्याच्याकडे आम्ही तासभर बसलो. पाणी प्यायला आतल्या खोलीत गेलो तर ट्रंकेवर वाकळांची थप्पी. चार होत्या. सगळ्यात वरची कोरी, लाल काठाची, आणि तिच्या कोपऱ्यात सुई दोऱ्यासकट तशीच टोचलेली. टाके घालता घालता आम्ही पोचलो असणार, म्हणून ती तिथंच राहिली. त्या घरात माणसं पाच आणि त्यांची पांघरुणं दोरीवर वेगळी होती. मला कळलं. अरे, त्या क्षणी मला स्पष्ट कळलं. तरी बाहेर येऊन मी म्हणालो, “चला, उशीर होतोय.”

तो स्टँडपर्यंत आला. करदंटचा, म्हणजे गोकाकच्या त्या सुक्यामेव्याच्या मिठाईचा, डबा पोरांच्या हातात दिला. “होगि बर्री,” म्हणाला. जाऊन या, असंच ते, आपल्यासारखंच. पुढच्या फेब्रुवारीत तो गेला. मला कार्ड आठ दिवसांनी मिळालं.

माझी चूक होती असं घरात कुणी म्हणत नाही. धाकट्याला खरंच कणकण होती. खोलीचे पैसे आगाऊ दिलेले होते, आणि शिक्षकाच्या पगारात ते सोडून देणं सोपं नव्हतं. नऊ माणसं दोन खोल्यांत कशी झोपली असती, हा हिशेबही खोटा नव्हता. हे सगळं मी तीस वर्षं स्वतःला सांगत आलोय आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण सुई टोचलेली होती.

तेव्हापासून मी ओळखीचं घर असलेल्या गावात लॉजची पायरी चढलो नाही. हुबळीला एका मित्राकडे एकच खोली होती, मी व्हरांड्यात झोपलो. कारवारला पावसाळ्यात छत गळत होतं, आम्ही दोघं म्हातारे रात्रभर भांडी हलवत बसलो. थोरला मला म्हणतो, “बाबा, तुम्ही लोकांवर लादून घेता.” त्याला मी काय उत्तर देऊ? एकाही घरानं मला लवकर निरोप दिला नाही, हे मी मोजलेलं आहे. कारवारच्या त्या माणसानं त्या रात्री मला त्याच्या भावाशी मोडलेल्या वाटणीबद्दल जे सांगितलं, ते त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. छत गळलं नसतं आणि मी लॉजवर असतो, तर ते त्याच्याबरोबरच गेलं असतं. थोरल्याला हा हट्ट वाटतो. असू दे. मी या बाबतीत हट्टीच राहणार, आणि तुलाही तेच सांगणार : राहायला जा.

आता तुझ्या शंका, भराभर.

संडास कुठं आहे हे काकांना फोनवर सरळ विचारायचं. यात लाजायचं काय? त्यांच्याकडे घरातच आहे, मी वापरलाय. छोटी उठली तर व्हरांड्यातला दिवा चालू ठेवायला सांग.

सूनबाईंना कन्नड येत नाही, तर येऊ नये. काकूंना मराठी समजते, बोलताना अडखळतात एवढंच. आपल्या भागात अर्धं वाक्य या भाषेत नि अर्धं त्या भाषेत बोलण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. सूनबाईंना म्हणावं, पाहुणी म्हणून खुर्चीवर बसून राहू नका, काकूंच्या शेजारी चुलीपाशी बसा. भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी होईल. छोटीला तिखट सोसत नाही हे आधी सांग, दहीभात मिळेल.

गाडीच्या एमएच पाटीची धास्ती घेतलीस, ती अगदीच बिनबुडाची नाही. तणावाच्या दिवसांत गाड्यांवर दगड पडलेले आहेत, एसटी सीमेवरूनच परत फिरलेली मीही पाहिली आहे. पण कोल्हापूर-बेळगाव रोज माणसं ये-जा करतात, लग्नाला, दवाखान्याला, बाजाराला. १ नोव्हेंबरचा आठवडा तू टाळलायस, ते बरं केलंस. निघण्याआधी इथं मला एक फोन कर, म्हणजे झालं. सातारा ते कागल रस्त्याचं काम चालू आहे, तेव्हा साडेतीनशे किलोमीटरला साडेपाच तास धरलेस ते विसर. आठ धर. आता मला सांग, आठ तास गाडीत बसून तीन घरांना एकेक तास? हा कसला हिशेब रे? ऑफिसात असा आराखडा कुणी आणला असता तर तूच परत पाठवला असतास.

निपाणी आणि शहापूर या वेळी सोड. दोघांना फोन करून सांग, या खेपेला नंदगड. रागावतील. निपाणीचे काका तर नक्की रागावतील, त्यांना रागावू दे, आणि दिवाळीत फक्त त्यांच्याकडे राहायला जा. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शरद जोशींच्या हाकेवर हायवेवर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांत ते होते. गोळीबार झाला तेव्हाही तिथंच होते. ही गोष्ट तू चहाच्या वेळात बसवणार होतास. बाबा त्या गोष्टीत कुठं होते हे तुला माहीत आहे का? नाही ना? मग तिलाही तिची रात्र दे.

पुण्याहून मिठाईचा पुडा आणू नकोस. बाबांचा तो पितळी चार खणी डबा आईकडून मागून घे आणि बरोबर ने. भट्टीवर दोघं त्यातून जेवायचे, एका खणात काकूंची भाजी, एका खणात तुझ्या आईची. काकांना तो द्यायचा नाही, नुसता समोर ठेवायचा. परत येताना काकू तो रिकामा देणार नाहीत, तेव्हा गाडीत जागा ठेव.

रविवारी सकाळी घाई करू नकोस. काका छोटीला कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीकडे नेतील. २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी त्याला नंदगडलाच फाशी दिलं. तो वड, त्याला बांधलेले नवसाचे पाळणे पाहून पोर शंभर प्रश्न विचारील, उत्तरं काकांना देऊ दे, तू मध्ये पडू नकोस. वेळ राहिला तर हलशीला जा. कदंबांची ती जुनी देवळं तुझ्या बाबांना फार आवडायची, सुट्टी मिळाली की दोघं सायकलनं तिकडं जायचे. राजहंसगड कुठं जात नाही. कुंदाही बेळगावात बारा महिने मिळतो.

आज रात्रीच काकांना फोन कर. ते आठ वाजता जेवतात, त्याआधी कर. “शनिवारी येतोय” म्हणशील तर ते विचारतील, “किती वाजता निघणार?” त्यांना हे विचारायला लावू नकोस. पहिलंच वाक्य म्हण, “काका, शनिवारी राहायला येतोय.”

आणि वाकळ जड असते. छोटीला सवय नाही, ती मध्यरात्री लाथाडून टाकील. आपल्याकडे पहाटे चारच्या सुमाराला गारठा उतरतो. तेव्हा एकदा उठ आणि तिच्या अंगावर नीट ओढून दे.

तुझा,
सर